अर्धे बळ, सात प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रुग्णपरीक्षेचे दहा विषय सांगितले आहेत: प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला ही यादी तोंडपाठ असते. मराठीच्या विद्यार्थ्याचा तिच्याशी सहसा संबंध येत नाही. तो यावा असे वाटण्याचे कारण यादीतला नववा शब्द. व्यायामशक्ती ही माणसाच्या काम करण्याच्या क्षमतेवरून ओळखावी आणि तिच्या प्रवर, मध्यम व अवर अशा तीन प्रती मानाव्यात, एवढेच चरक सांगतो. परंतु ते जेथे सांगितले आहे ती जागा महत्त्वाची आहे. येथे व्यायाम हा उपचार म्हणून आलेला नाही. तो परीक्षेचा विषय म्हणून आला आहे. रोग्याचे बळ किती हे कळल्याखेरीज त्याला तीव्र औषध देऊ नये, दुर्बळाला ते सोसणार नाही. आणि बळ कळण्याची एक खूण म्हणजे श्रम सोसण्याची ताकद, असा हा विचार आहे.

याच अध्यायात वैद्याला आणखी एक इशारा दिलेला आहे. भरलेला देह पाहून बलवान आणि किरकोळ देह पाहून दुर्बळ असा निवाडा करू नये. लहानखुरी, कृश माणसेही बलवान असलेली दिसतात. दृष्टान्त दिला आहे तो ओझे वाहणाऱ्या मुंगीचा. आरशांनी मढवलेल्या आजच्या व्यायामशाळेत हा दृष्टान्त कोठेतरी लिहून ठेवायला हरकत नसावी.

व्यायामाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो. मल्लांचा, आखाड्यांचा, आसनांचा, राष्ट्रीय चळवळीतील तालमींचा. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ हा प्रश्न कोणी विचारला, कोणाला विचारला, आणि कोणत्या काळात तो विचारायचा राहून गेला, एवढेच येथे पाहायचे आहे.

सुश्रुताने हा प्रश्न जवळजवळ नियमाच्या रूपात मांडला. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तो म्हणतो की वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार या सहा गोष्टी नीट पाहून मगच व्यायाम करावा. न पाहता केल्यास रोग होतो. पुढे मात्रेचा विचार येतो. व्यायाम करावा तो आपल्या बळाच्या अर्ध्यानेच. हे अर्धे बळ, म्हणजे ‘बलार्ध’, ओळखायचे कसे? हृदयात असलेला वायू तोंडाशी येऊ लागला की बलार्ध झाले असे समजावे. म्हणजे नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबावे. घड्याळ नाही, नाडीचे ठोके मोजणे नाही. पण प्रत्येकाला स्वतःच्या देहावर वाचता येईल अशी ही खूण आहे. रक्तपित्ताचा रोगी, कृश, क्षयी, दमेकरी, खोकल्याने पीडित, नुकताच जेवलेला, चक्कर येणारा, अशांनी व्यायाम वर्ज्य करावा अशी यादीही सुश्रुताने दिली आहे.

चरकाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायातली यादी थोडी निराळी आहे आणि वाङ्मयाच्या वाचकाला ती अधिक रंजक वाटेल. ओझी वाहून, वाट चालून, कष्ट करून खंगलेले, क्रोध, शोक आणि भय यांनी ग्रासलेले, बालक, वृद्ध, भुकेले आणि तहानलेले, आणि शिवाय मोठ्या आवाजात फार बोलणारे. (या शेवटच्या वर्गात आम्ही प्राध्यापक मंडळी आपोआप बसतो. दिवसाला चार तास खडूच्या धुळीत बोलणाऱ्याला चरकाने दिलेली ही सूट आजवर कोणत्याही वेतन आयोगाच्या नजरेस आलेली नाही.) वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येत ऋतूचाही हिशेब घातला: बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहूनही कमी. अतिव्यायाम करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, ही त्याचीच प्रसिद्ध उपमा. उपमेतला मरणारा दुबळा नाही, सिंह आहे, हे ध्यानात घ्यावे.

इतके वाचून ‘हे सारे आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. या ग्रंथांत निरीक्षण आहे, मोजमापाची नोंद नाही. एका व्यायामाने किती जणांचे भले झाले आणि किती जणांचे बिघडले, याची गणती ठेवण्याची रीत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला हा सल्ला दिला आहे तो माणूस कोण? सकाळी अभ्यंग करणारा, स्निग्ध आहार घेणारा, ऋतुमानाप्रमाणे दिनक्रम बदलण्याइतकी सवड असणारा. ओझी वाहणारा हमाल आणि वाटा तुडवणारा वाटसरू या ग्रंथांत येतात ते व्यायाम वर्ज्य असलेल्यांच्या यादीत. त्यांच्या श्रमाला व्यायाम म्हटलेले नाही, हे योग्यच आहे. पण त्यांचे बळ कोणी तपासावे, हा प्रश्न तेथे उभा राहत नाही.

मल्लविद्येची परंपरा वैद्यकाला समांतर चालली. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांचे वय, देह व ताकद यांवरून प्रकार केलेले आहेत, त्यांच्या सरावाचा आणि खुराकाचा विचार आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही असेच वर्गीकरण आढळते. पुढे हे ज्ञान ग्रंथात कमी आणि वस्तादाच्या नजरेत अधिक राहिले. पोराची छाती, पाय, खाणे, लढतीनंतर श्वास परत जाग्यावर यायला लागणारा वेळ, हे सारे पाहून वस्ताद ठरवी की याला जोर किती, बैठका किती, आणि मातीत उतरवायचे कधी. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ही विद्या फुलली, तेव्हा तिची अशी कित्येक परिमाणे वस्तादांच्या तोंडीच होती. लिहिलेली नसल्याने वस्ताद गेला की त्याची नजरही गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गाला आपल्या देहाची काळजी वाटू लागली. इंग्रज बलवान आणि आपण दुबळे, ही खंत त्या काळच्या लेखनात ठायी ठायी दिसते. टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालवले, ही हकीगत त्यांच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितली आहे. समर्थांनी टाकळीस रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, या परंपरागत कथेला नवे तेज आले. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांतून सक्तीचे केले. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले.

या साऱ्या वाङ्मयाची भाषा आकड्यांची आहे. जोर किती, बैठका किती, नमस्कार किती. संख्या हे त्यातले अलंकरण आहे आणि प्रमाणही. सुश्रुताचा ‘आधी पाहा’ मागे पडून ‘मोजत राहा’ हा आदेश पुढे आला. याची थट्टा करण्याचे कारण नाही. सामुदायिक व्यायामाला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही. गुलाम देशाला उभे करण्याचे तेच साधन हाताशी होते. शंभर पोरे एका तालात वाकतात तेव्हा त्यांच्यात जे निर्माण होते ते नाडीवर मोजता येत नाही. तरीही त्या शंभरांत एखाद्याच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने निकामी झालेली असणार, एखादा क्षयाच्या पहिल्या पायरीवर असणार. त्याला रांगेतून बाजूला काढणारा माणूस त्या कवायतीच्या रचनेत नव्हता. राष्ट्राचा देह घडवताना एकेकट्या देहाची चौकशी राहून गेली, असे मला वाटते. आणि आपल्या व्यायामविषयक लेखनाने या उणिवेकडे पुरेसे पाहिलेले नाही.

याच सुमारास पश्चिमेत काय घडत होते? तेथेही प्रश्न जुना होता. जेरोनिमो मेर्कुरिआले या इटालियन वैद्याने १५६९ मध्ये व्यायामकलेवर लॅटिन ग्रंथ लिहून आरोग्यासाठीचा व्यायाम, युद्धासाठीचा व्यायाम आणि पेशेवर मल्लांचा व्यायाम यांच्यात भेद केला होता. पण वाद खरा पेटला तो इंग्लंडात, होड्यांच्या शर्यतींवरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील शर्यतीत वल्ही मारणारे तरुण पुढे हृदयरोगाने लवकर मरतात, असा आरोप १८६७ मध्ये एका नामांकित शल्यवैद्याने ‘टाइम्स’मध्ये केला. त्यावर जॉन मॉर्गन या डॉक्टराने १८२९ ते १८६९ या काळातील २९४ वल्हेकऱ्यांचा माग काढला. जे हयात होते त्यांना पत्रे लिहिली, जे गेले त्यांच्या मित्रांना व नातलगांना विचारले. निष्कर्ष आरोपाच्या उलट निघाला आणि १८७३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. मुळात धट्टेकट्टे म्हणून निवडलेल्यांचीच ही गणती होती, हा तिचा दोष उघड आहे. परंतु व्यायाम घातक की हितकारक हा वाद मताने न मिटवता माणसे मोजून मिटवावा, ही कल्पना तेथे रुजली.

आपल्या विषयाचा खरा नायक मात्र अमेरिकेत आहे. डडली सार्जंट हा तरुणपणी सर्कशीत कसरती करणारा मुलगा. पुढे तो व्यायामशाळेचा संचालक झाला, येल येथे वैद्यकाची पदवी घेतली आणि १८७९ मध्ये हार्वर्डच्या नव्या व्यायामशाळेत रुजू झाला. अम्हर्स्ट कॉलेजात एडवर्ड हिचकॉक १८६१ पासून विद्यार्थ्यांची दरवर्षी मापे घेत होताच. सार्जंटने मापांना वैद्यकीय तपासणीची जोड दिली. व्यायामशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्याकडून आधी एक कोरा तक्ता भरून घेतला जाई: आईवडिलांची प्रकृती, घराण्यातले आजार, स्वतःला झालेली दुखणी. मग शक्तीची चाचणी. मग छाती ऐकली जाई, आणि ती दोनदा, व्यायामाच्या आधी व नंतर. त्यानंतर पाठीचा कणा, स्नायू, उंची, वजन, देहाची पन्नासेक मापे. या साऱ्यावरून विद्यार्थ्याच्या हाती एक लहान पुस्तिका पडे. तीत त्याने कोणत्या यंत्रावर किती वजनाने कोणता व्यायाम करावा हे लिहिलेले असे, आहार, झोप आणि स्नान यांविषयी सूचना असत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

यंत्राचा उल्लेख मुद्दाम केला. त्या काळच्या व्यायामशाळेतील जड डंबेल, सिंगल बार, डबल बार ही साधने बलवानांसाठी होती. ज्याला स्वतःचा देहही उचलवत नाही त्याने काय करायचे? सार्जंटने कप्पी, दोर आणि काढता-घालता येणारी वजने यांची साधने बनवली, ज्यांवर अगदी अशक्त मुलालाही आपल्या बेतापासून सुरुवात करता येईल. आजच्या जिममधील वजने वर-खाली करण्याची खुंटी आपण विचार न करता फिरवतो. तिच्यामागे ‘साधनाने माणसाच्या बळाला जुळवून घ्यावे’ हा विचार आहे. सार्जंटच्या पद्धतीची एक काळी बाजूही आहे. इतकी मापे जमल्यावर त्याने ‘आदर्श’ देहाचे कोष्टक केले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात सरासरी अमेरिकन तरुण-तरुणीचे पुतळे मांडले. एकेकट्याला समजून घेण्यासाठी घेतलेले माप सर्वांना एका साच्यात बसवण्याचे माप झाले. मोजण्याच्या व्यवसायातला हा धोका आमच्या परीक्षापद्धतीलाही अपरिचित नाही.

महाराष्ट्रात या दोन प्रवाहांची गाठ लोणावळ्याला पडली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात क्ष-किरण छायाचित्रे आहेत, आसनांत रक्तदाब किती बदलतो याच्या नोंदी आहेत. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात निर्माण होतो हे दाखवून त्या निर्वाताला त्यांनी गुरूचे, माधवदासजींचे, नाव दिले. विज्ञानाच्या परिभाषेत गुरुपरंपरा अशी शिरावी, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने उचलावी इतकी सुंदर आहे.

कुवलयानंदांचे या लेखाच्या दृष्टीने महत्त्व मात्र वेगळे आहे. आसनांवरील त्यांच्या पुस्तकात कृतीबरोबर निषेधही आहेत: कान वाहणाऱ्याने, हृदय दुबळे असणाऱ्याने, रक्तदाब बिघडलेल्याने अमुक आसने आपल्या जबाबदारीवर करू नयेत. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आसनांची फळे भरभरून सांगितलेली असतात. तेथे शीर्षासनासारख्या क्रियेला रक्तदाबाची अट घालणे हे लहान पाऊल नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती एकाएकी बिघडली. निदान झाले ते वाढलेल्या रक्तदाबाचे. त्यानंतर आसनांच्या बाबतीत त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. देशातील सर्वांत प्रसिद्ध देह, स्वतःवर प्रयोग करण्याची हौस असलेला मालक, आणि रक्तदाबाकडे लक्ष ठेवून व्यायाम सुचवणारा योगी, असा हा संवाद आहे. १९६३ मध्ये कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचे योगोपचारावरील पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ही याच काळातला. आपल्याकडे साहित्याच्या इतिहासात या गद्याला जागा मिळालेली नाही. परिभाषा घडवणारे मराठी गद्य म्हणून तरी ती मिळायला हवी होती.

दुसऱ्या महायुद्धाने मोजमापाला वेग दिला. हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’त (१९२७ ते १९४७) श्रमाने देहात काय घडते याचा अभ्यास चालला होता. तेथे १९४३ च्या सुमारास एक सोपी चाचणी तयार झाली: वीस इंच उंचीच्या पायरीवर मिनिटाला तीस वेळा चढायचे-उतरायचे, पाच मिनिटे किंवा थकेपर्यंत, आणि नंतर नाडी किती वेगाने पूर्वपदावर येते ते मोजायचे. वस्ताद श्वासावरून जे पाहत होता तेच येथे आकड्यात आले. पण तरुण सैनिकांसाठी ठीक असलेली ही चाचणी पन्नाशीच्या कारकुनाला दिली तर चाचणीच धोक्याची. बळ किती हे कळण्यासाठी बळाच्या टोकापर्यंत न्यायचे, हा या शास्त्रातला पेच आहे, आणि अर्ध्या बळावर थांबणाऱ्या सुश्रुताला तो पडला नव्हता. सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये त्यातून वाट काढली: चालत्या पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ थोडा थोडा वाढवायचा, सोबत हृदयाचा विद्युत्-आलेख पाहत राहायचे, आणि धोक्याची खूण दिसताच थांबवायचे. आज आपण ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणतो ती हीच. व्यायामशक्ती ही पुन्हा परीक्षेचा विषय झाली.

तरीही माणूस परीक्षेला बसायला हवा. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाचे धावण्याविषयीचे पुस्तक १९७७ मध्ये आले आणि त्याने लाखो लोकांना रस्त्यावर पळायला लावले. फिक्स स्वतः पूर्वी स्थूल होता, सिगारेटी ओढत होता. धावू लागल्यावर त्याचा कायापालट झाला. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. १९८४ च्या २० जुलैला व्हरमाँट राज्यात धावताना फिक्स कोसळला; वय ५२. हृदयाच्या धमन्या आतून बुजलेल्या आढळल्या. त्याआधी काही महिने ‘एरोबिक्स’कार केनेथ कूपर यांच्या डॅलसमधील संस्थेत गेला असता त्याने तेथील पट्ट्यावरची तपासणी नाकारली होती, असे कूपर यांनी पुढे लिहिले. या मृत्यूचा वापर ‘व्यायाम करूच नये’ असे सांगण्यासाठी झाला, तो अर्थातच खोटा तर्क होता. धावण्याने त्याचे आयुष्य कदाचित वाढलेही असेल. सार्जंटच्या कोऱ्या तक्त्यातला पहिलाच प्रश्न, आईवडिलांची प्रकृती कशी होती, हा त्याच्यापाशी थांबला नाही, एवढे मात्र खरे. आपल्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ वाटून वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, तेव्हाही काही दिवस हीच चर्चा झाली आणि त्याच दोन टोकांना जाऊन विरली.

प्रत्येकाला पट्ट्यावर चढवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. म्हणून कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७० च्या दशकात एक प्रश्नावली तयार झाली. मोठ्या यादीतून गाळून सात प्रश्न ठेवले. १९९२ मध्ये सुधारलेल्या रूपात ते साधारण असे आहेत: हृदयाचा काही आजार डॉक्टरांनी सांगितला आहे का; श्रम करताना छातीत दुखते का; गेल्या महिन्यात श्रम नसतानाही दुखले का; चक्कर येऊन तोल जातो का, शुद्ध हरपते का; व्यायामाने वाढेल असे हाडा-सांध्याचे दुखणे आहे का; रक्तदाबाचे वा हृदयाचे औषध चालू आहे का; आणि व्यायाम न करण्याचे आणखी काही कारण तुम्हांला ठाऊक आहे का? एकही ‘होय’ आला तर आधी डॉक्टर. शेवटचा प्रश्न मला विशेष वाटतो. पहिले सहा प्रश्न शास्त्राचे आहेत. सातवा उत्तर देणाऱ्यावर विश्वास टाकतो.

पहिल्या आवृत्तीची अडचण अशी झाली की तिच्या चाळणीत फार माणसे अडकू लागली, विशेषतः वयस्क. रक्तदाब वाढला असल्याचे कधीतरी ऐकलेला प्रत्येकजण दारातून परत. सुधारणेचा हेतू ही गाळणी कमी करण्याचा होता. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’ या संस्थेने २०१५ मध्ये याच दिशेने मोठा बदल केला. तोवर वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल अशा जोखमींची बेरीज करून माणसाला डॉक्टरकडे पाठवीत. आता तीन गोष्टी पाहतात: माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का, हृदय-रक्तवाहिन्यांचा, मधुमेहाचा वा मूत्रपिंडाचा विकार किंवा त्यांची लक्षणे आहेत का, आणि त्याला करायचा आहे तो व्यायाम किती तीव्र. धोका मुख्यतः सवय नसलेल्याने एकदम जोराचे श्रम करण्यात असतो, आणि अकारण लावलेली तपासणीची अट माणसाला व्यायामापासूनच दूर ठेवते, हे त्यामागचे कारण. सवय, विकार, मात्रा. बेरजेचे शास्त्र पुन्हा विवेकाकडे वळले आहे.

या प्रश्नावल्यांत एक गोष्ट नाही, जी चरकाच्या यादीत होती: क्रोध, शोक, भय. २०१६ मध्ये ५२ देशांतील, हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या १२,४६१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. झटक्याआधीच्या तासाभरात तीव्र संताप किंवा मनःक्षोभ झालेला असणे याचा झटक्याशी संबंध दिसला, जोराच्या श्रमांचाही दिसला, आणि दोन्ही एकत्र आले तेव्हा तो अधिक दृढ दिसला. यामुळे चरक ‘सिद्ध’ होत नाही. त्याचा शोक आणि या पाहणीतला मनःक्षोभ यांची व्याख्या एक नाही. पण ऑफिसात भांडून थेट ट्रेडमिलवर जाणाऱ्याला कोणी दोन मिनिटे बसवून घेत असेल, तर त्याला आधार दोन्हीकडून आहे.

आता आपल्या जिमकडे येऊ. प्रवेशाच्या अर्जाबरोबर आरोग्याविषयी एक कागद बहुधा असतो. तो इंग्रजीत असतो, खाली सही करायची असते, आणि ‘काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’ हे वाक्य प्रश्नांपेक्षा ठळक छापलेले असते. परीक्षेचे साधन जबाबदारी झटकण्याचे साधन झाले आहे. ‘बटाट्याच्या चाळी’तील उपासाचा संकल्प करणाऱ्याला सल्ला देणारे जसे दारोदार भेटतात, तसे आज मोबाईलवर भेटतात.

आणि मराठीत विचारायचे ठरवले तरी काम सोपे नाही. ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला जो माणूस ‘नाही’ म्हणतो तोच दोन वाक्यांनंतर ‘छातीवर जड वाटते’, ‘जळजळते’, ‘गॅस वर चढतो’ असे म्हणतो. त्याच्या लेखी हे दुखणे नव्हे. मधुमेही रुग्णांना आणि पुष्कळ स्त्रियांना दुखतही नाही. नुसता थकवा येतो, आणि ‘थकायला होते’ हे वाक्य आपल्या घरांतून कोणी लक्षण म्हणून ऐकत नाही. ‘दम लागणे’, ‘धाप लागणे’, ‘जीव घाबरा होणे’ यांत फरक आहे. ‘ऊर भरून येणे’ तर साहित्याने आनंदासाठी राखून ठेवले आहे, पण सासवडकडच्या चढावर सायकल मारणारा माणूस तेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरू शकतो. अनुभवी शिक्षक म्हणूनच रोगाचे नाव विचारत नाही. किती मजले न थांबता चढता? गेल्या वर्षीही एवढेच चढत होता का? बाजाराची पिशवी हातात असताना बोलत बोलत चालता येते, की बोलणे थांबवावे लागते?